रपट्यावर कोण होतं

बोरखेडी,
१२ ऑगस्ट २०२५

चि. गुणवंता यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरात कोणी गेलेलं नाही. जायला आता उरलंय तरी कोण. तुझी वहिनी प्रेमलता जाऊन चार वर्षं झाली. कुलदीप बायकोला घेऊन पांढुर्ण्यात राहतो. या घरात मी, टीव्ही आणि विहिरीवरची मोटर, एवढेच आवाज करतो. त्यातली मोटरही लाईट असेल तरच बोलते.

तुला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुझी सुचिता म्हणाली, बाबा दुकानात आहेत. एकोणसत्तराव्या वर्षी इटारसीत सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाला इतकी गिऱ्हाइकं असतात हे मला काही पटलं नाही, पण पोरीशी काय वाद घालायचा. म्हणून लिहायला बसलो. आमदार असताना पत्रं दुसरे लिहायचे, मी फक्त सह्या करायचो. त्यामुळे हात अडखळतो आहे, सांभाळून घे.

कारण असं की पाच ऑक्टोबरला मला ऐंशी वर्षं पूर्ण होतात. कुलदीपने पांढुर्ण्यात हॉल घेतला आहे. शाल, श्रीफळ, भाषणं, जेवण. त्यात त्याचाही मतलब आहे. पुढच्या निवडणुकीत त्याला उभं राहायचंय आणि बापाचं नाव अजून दहा-वीस गावांत चालतं. चालू दे. लेकाने बापाचं नाव वापरायचं नाही तर कोणाचं वापरायचं?

त्या दिवशी माझी जीवनीही निघणार आहे, छोटी पुस्तिका. शाळेतले चेतन सर लिहीत आहेत, हिंदीतून, कारण पाहुणे भोपाळचे. तीन भाग केलेत: सैनिक, किसान, विधायक. मी म्हटलं, सर, होमगार्डात बंदूक आम्ही पंधरा ऑगस्टलाच हातात धरायचो, सैनिक कसले. तर म्हणतात, "कंपनी कमांडर होते ना साहेब तुमी, मंग सैनिकच झाले." मलाही नाही म्हणवलं नाही. किसानच्या भागात आपला संत्र्याचा बगीचा आहे, आणि विधायकच्या भागात पाच वर्षांत मी विधानसभेत विचारलेले अकरा प्रश्न. त्यातल्या किती प्रश्नांना उत्तरं मिळाली हे सरांनी लिहिलेलं नाही, भला माणूस आहे.

वाचणाऱ्याला जरा हसू यावं म्हणून त्यांनी 'सही'चा किस्साही घेतला आहे. नाल्यावरच्या रपट्याच्या चौकशीच्या वेळचा. कारकुनाने टाईप केलेला रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला आणि तुझ्या नावाच्या परिच्छेदाशेजारी मी पेन्सिलीने 'सही' असं लिहिलं. म्हणजे इथे गुणवंताची सही घ्या. चौकशीचे साहेब पडले हिंदीवाले. त्यांना वाटलं, कमांडर म्हणतोय हे सगळं सही आहे, बरोबर आहे. मला बोलावून विचारलं, "यह सही है?" मी म्हटलं, "हाँ साहब, सही मेरी ही है." अक्षर माझंच ना! झालं, त्यांनी तसं लिहून टाकलं. मराठी माणसाची हिंदीत कशी फजिती होते म्हणून हा किस्सा मी भोपाळात किती वेळा सांगितला, लोक पोट धरून हसायचे. सरांनी मथळा दिलाय, 'एक शब्द की मौज'.

तर तू ये. स्टेजवर तुझी खुर्ची माझ्या शेजारी ठेवायला सांगितली आहे. दोघा भावांचा एक धड फोटो नाही आपल्याकडे. सुचितालाही आण. गाडी थेट आहे, तीन तासांत पांढुर्णा. झाल्यागेल्याला एक्केचाळीस वर्षं झाली, आता किती दिवस धरून ठेवायचं.

तुझा दादा,
जयवंता

बोरखेडी,
२६ ऑगस्ट २०२५

गुणवंता,

पत्र मिळालं. म्हणजे माझंच पत्र परत मिळालं. सोबत चिठ्ठी नाही, वर-खाली एक अक्षर नाही. फक्त 'मौज' या शब्दाभोवती लाल बॉलपेनने गोल काढलेला.

राग आला मला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस कोणाशी बोललो नाही. तसंही बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात दगडफेकीची ती गोटमार जत्रा झाली, कुलदीपने गाडी पाठवतो म्हटलं तरी मी गेलो नाही. तुझा गोल टेबलावर होता. चष्मा लावला की दिसायचा.

मग मनाशी म्हटलं, हा म्हणतो तरी काय? जे घडलं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. चौऱ्याऐंशीचा ऑगस्ट. सौंसरच्या रस्त्यावर आपल्या नाल्याला पूर, बिनकठड्याच्या त्या ठेंगण्या पुलावरून, रपट्यावरून, गुडघाभर पाणी. गाड्या अडवायला होमगार्डची ड्यूटी लागली होती, त्या दुपारी तुझी. पाचच्या सुमारास कवडूची बैलगाडी पाण्यात शिरली, अडवायला रपट्यावर कोणी नव्हतं. गाडी उलटली. कवडू वाचला. त्याची बायको पंचफुला दुसऱ्या दिवशी दोन कोस खाली सापडली. रिपोर्टात आलं, 'तैनात जवान पानी देखकर भाग गया', आणि त्याच्या शेजारी माझी ती 'सही'. होमगार्डातून तुझं नाव कटलं. गावाने तुला पळपुटा म्हटलं. सावरगावच्या मुलीशी साक्षगंध झालं होतं, त्यांनी सोयरीक मोडली. दिवाळीच्या आधी तू इटारसीची गाडी धरलीस. आईच्या तेरवीला आलास तो एकदाच, आणि पंगतीत न बसता गेलास.

हे सगळं लिहून काढलं आणि कळलं, की पुस्तिकेत यातली फक्त 'सही' आहे. बाकी काही नाही. मग तुला मौज कशी दिसावी? ते कबूल. सरांना सांगून तो मथळा बदलायला लावतो.

आणखी एक लिहितो, जे मी कधी कोणाला सांगितलं नाही. तू पळाला नव्हतास. तू माझ्या कामाला गेला होतास. त्या संध्याकाळी भोपाळचे मोठे नेते पांढुर्ण्याच्या रेस्ट हाऊसवर येणार होते, माझ्या तिकिटाचं ठरवायला. मी सकाळपासून पुराच्या बंदोबस्तात फिरून चिखलाने माखलो होतो. तशा अवतारात त्यांच्यापुढे जायचं नव्हतं. म्हणून तुला सायकलवर घरी पिटाळलं, माझा धुतलेला पांढरा सदरा-पायजमा आणायला. एका सदऱ्यापायी झालं सगळं.

आता तरी राग थोडा उतरेल असं वाटतं. खुर्ची अजून तुझ्यासाठीच ठेवलेली आहे.

दादा

बोरखेडी,
१४ सप्टेंबर २०२५

गुणवंता,

तुझं उत्तर नाही, पण सुचिताचा फोन आला होता. म्हणाली, मोतीबिंदूमुळे बाबांना वाचता येत नाही, पत्रं मी वाचून दाखवते, तो लाल गोलही त्यांनी सांगितल्यावरून मीच काढला. "दुसरं ऐकून काय म्हणाले?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. 'एवढंच का?' म्हणाले, अन् उठून दुकानात गेले."

एवढंच का! तुझं हे म्हणणं खरं आहे. परवा चेतन सर कवडूला घेऊन आले नसते तर मी एवढ्यावरच भागवलं असतं.

सर 'किसान'च्या भागासाठी म्हाताऱ्या शेतकऱ्यांना भेटत फिरत होते. कवडूकडे गेले आणि बोलता बोलता रपट्याची गोष्ट निघाली. त्याला घेऊन सर थेट माझ्याकडे आले. मी खुर्ची पुढे केली, पण कवडू ओसरीच्या पायरीवरच बसला.

सर म्हणाले, "साहेब, कवडूजी काही वेगळंच सांगून राहिले. तुमीच ऐका."

"वेगळं काय त्याच्यात," कवडू म्हणाला. "सरानं विचारलं रपट्यावर कोनी होतं का. म्या म्हनलं, होतं ना. खाकीवाला होता."

"गुणवंता?" सरांनी विचारलं.

"नाई जी. गुणवंता त मंग आला, सायकलवर. त्यानंच पान्यात उडी घालून मले भाईर ओढलं. म्या त्याच्या आंदीचं सांगून राहिलो. म्या गाडी घेऊन उतारावर होतो. खाली रपट्यावर खाकीवाला उभा होता. तेवढ्यात जीप आली, अन् तो जीपीत बसून चालला गेला. म्या पंचफुलाले म्हनलं, ड्यूटीवाला गेला म्हंजे रस्ता मोकळा केला असन, पानी उतरलं असन. म्हनून हाकलली गाडी."

सर माझ्याकडे पाहू लागले. मी कवडूला विचारलं, हे त्या वेळी का नाही सांगितलंस.

"सांगतलं ना जी. चौकशीवाला साहेब म्हने, कोन खाकीवाला? म्या म्हनलं तोंड नाई दिसलं. खरंच नाई दिसलं. मंग तुमी आमदार झाले. म्या राशन कार्डाच्या कामाले तुमच्यापाशी आलो, तुमी उठून आत गेले, तवा पाठीवरून वळखलं."

"मग?"

"मंग काय? तुमी कार्ड करून देलं."

एवढं बोलून तो उठला, सरांना म्हणाला, चला, ढोरायले पानी पाजायचं आहे.

गुणवंता, सुचिता हे वाचेल म्हणून लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तुला पाठवताना मी म्हटलं होतं, "जा तू, तू येईस्तोवर मी उभा आहे इथं." तू सायकलवर बसता बसता विचारलंस, "दादा, जाशीन नाई ना कुठी?" मी हसलो होतो. दहा मिनिटांत जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, नेते लवकर पोचले, वाट पाहून राहिले. मी ओल्या खाकीतच बसलो. सदऱ्याचं काही काम पडलंच नाही. पाणी पाहून कोणी पळालं नव्हतं. तिकिटामागे पळालो तो मी.

तू गप्प का बसलास तेही मला माहीत आहे. चौकशीच्या आधी मी तुला परसात नेलं, आई चुलीपाशी होती, तिच्या कानावर जाऊ नये म्हणून हळू बोललो. म्हटलं, एवढी निवडणूक होऊ दे, मग मी सगळं नीट करतो. तू "बरं दादा" म्हणालास. निवडणूक झाली, मी जिंकलो आणि नीट करायचं राहून गेलं. राहून गेलं असंही नाही, मी राहू दिलं.

जयवंता

बोरखेडी,
२९ सप्टेंबर २०२५

गुणवंता,

या वेळी तू 'एवढंच का' म्हणाला नाहीस, असं सुचिता सांगते. पण मला मात्र ते ऐकू येत राहिलं, म्हणून उरलेलंही लिहून टाकतो.

तो 'सही'चा किस्सा. मला हिंदी येत होती रे. तुझ्याहून चांगली येत होती. छिंदवाड्याला कॉलेज हिंदीत केलं, कंपनीला परेड हिंदीत दिली, घरी प्रेमलताशी भांडताना रंगात आलो की हिंदीच यायची तोंडात. साहेबांनी "यह सही है?" विचारलं तेव्हा त्यांचं बोट माझ्या अक्षरावर नव्हतं, परिच्छेदावर होतं. 'पानी देखकर भाग गया' यावर. प्रश्न मला पुरता कळला होता. खरं बोलावं तर तिकीट जातं, आणि सख्ख्या भावावर खोटं बोलायला जीभ वळत नव्हती. तेव्हा मी असं उत्तर शोधलं की दोन्ही नको. सही मेरी ही है. साहेबांनी मान हलवली आणि मीही हलवली. बाहेर आल्यावर मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं. पुढे त्याचाच किस्सा झाला.

आणि पेन्सिलीने 'सही' लिहिलं ते खरंच तुझी सही घ्यायला, की कोणी त्याचा दुसरा अर्थ काढावा म्हणून? हे मला आता सांगता येत नाही. किस्सा इतक्यांदा सांगितला की खरं काय होतं ते त्याच्याखाली गाडलं गेलं. याबाबत शपथ घ्यायला लावशील तर मी घेणार नाही.

कुलदीपला परवा बोलावून सगळं सांगितलं. म्हटलं, सत्काराच्या दिवशी मी हे स्टेजवरून बोलणार आहे.

"बाबा, येडे झाले का तुमी?" तो उभाच राहिला. "चाळीस वर्सं झाले! माहं तिकीट जाईन ना याच्यात."

"मीही तेव्हा हेच म्हटलं होतं," मी म्हणालो.

"तुमचं त भेटलं ना पन!"

तो चहा न घेता गेला. सूनबाईचा संध्याकाळी फोन आला, बाबांची तब्येत बरी नाही असं सांगून कार्यक्रम पुढे ढकलू का, म्हणाली. बिचारीने चांगल्या मनाने विचारलं. मी म्हटलं, तब्येत ठणठणीत आहे, तीच तर अडचण आहे.

बगीच्यात फळगळ सुरू आहे. सकाळी जाऊन बसतो, गळालेली फळं गोळा करतो. पूर्वी या दिवसांत बगीच्यात बोलायला माणसं असायची. हल्ली बगीचा ठेक्याने दिला आहे आणि ठेकेदाराची माणसं मला 'नेताजी' म्हणून लांबूनच हात जोडतात.

तू येऊ नकोस असं आता मीच म्हणतो. त्या दिवशी तू तिथे असलास तर मी तुझ्याकडे पाहून बोलेन, आणि लोक म्हणतील भावाच्या दबावाखाली बोलला. मला एकट्यालाच बोलू दे.

जयवंता

बोरखेडी,
६ ऑक्टोबर २०२५

गुणवंता,

झालं काल.

हॉल भरला होता. कवडूला मी स्वतः गाडीतून घेऊन गेलो आणि पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी सफारीवाले कार्यकर्ते, मधे तो, धोतर आणि नवा टॉवेल. तुझ्या खुर्चीवर कुलदीपच्या पक्षाचे कोणी पदाधिकारी येऊन बसले, त्यांना उठवणं काही मला जमलं नाही.

शाल घातल्यावर माईक माझ्या हाती आला. लिहून नेलेलं वाचलं, मराठीतून. नाल्याचं नाव, तारीख, तुझं नाव, माझं नाव, जीप, सदरा, रिपोर्ट, सगळं. पंचफुलाबाई कवडूची बायको होती आणि चोवीस वर्षांची होती, तेही वाचलं. शेवटी म्हटलं, ज्याला तुम्ही पळपुटा म्हणालात तो माझ्या सांगण्यावरून गेला होता आणि परत येऊन पाण्यात उतरला होता. पळालो तो मी.

आणि मग काय झालं असेल? भोपाळच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं. म्हाताऱ्याने भावुक होऊन भाषण केलं एवढंच त्यांना दिसलं. त्यांचं पाहून पुढच्या रांगेनेही वाजवल्या, मग मागच्या. एक्केचाळीस वर्षांनी खरं बोललो तर टाळ्या पडल्या, गुणवंता. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कुलदीप मान खाली घालून बसला होता. फक्त त्याने आणि कवडूने टाळ्या वाजवल्या नाहीत.

खाली उतरून कवडूचे हात धरले. तो म्हणाला, "पंचफुलाचं नाव घेतलं तुमी माईकवर. इतल्या वर्सात कोनं घेतलं नोतं." मी विचारलं, माफ करशील का. तो म्हणाला, "ते मले नाई सांगता येत जी." मग टॉवेलने तोंड पुसलं आणि पंगतीत जाऊन बसला. नीट जेवला. ते पाहून मला बरं वाटलं. का वाटलं ते विचारू नकोस.

पुस्तिकेचे गठ्ठे वाटलेच नाहीत. कुलदीपने ते माझ्या ओसरीत आणून टाकले. आज सकाळी पानठेल्यावरून जाताना मागून ऐकलं, "पळपुटा आमदार चालला पाहा." वळून पाहिलं नाही. ते नाव मुळात माझंच होतं, तू फुकट वापरलंस इतके दिवस.

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. सगळे तसंच सांगतात. मला नाही वाटलं. घरी आलो, शाल घडी करून ठेवली, टीव्ही लावला, बंद केला. एकटं वाटतं रे. आधीही वाटायचं, पण तेव्हा वाटायचं की म्हातारपणी सगळ्यांना वाटतं.

जयवंता

बोरखेडी,
१५ ऑक्टोबर २०२५

गुणवंता,

काल दुपारी फोन वाजला. सुचिता असेल म्हणून मी "बोल बेटा" म्हटलं. तू होतास.

"दादा," म्हणालास. मी फोन दोन्ही हातांनी धरला. मग तू विचारलंस, "आईले मालूम होतं का? म्या पळालो नाई म्हनून?"

मी म्हटलं, "हो. ती जायच्या आधी मी सांगितलं होतं."

तू रडलास. मीही रडलो. मग नाक ओढून म्हणालास, "मंग ठीक आहे दादा. मंग येतो म्या. धनतेरसले येतो, सुचिताले घेऊन."

फोन ठेवला आणि मी घर उघडलं. वरची खोली झाडली. गाद्या काढून उन्हात टाकल्या. शेजारच्या वृषालीला सांगितलं, भाऊ येतोय, अनारसे जास्तीचे कर. ती म्हणाली, "काका, आज तुमी किती वर्सांनी हसून राहिले." खरंच हसत होतो. चालताना गुडघेही दुखले नाहीत. संध्याकाळी कुलदीपला निरोप पाठवला, काका येतो आहे, येऊन भेट.

आज सकाळी गाद्या उलटवायला अंगणात गेलो आणि तिथेच बसलो. मग हे लिहायला घेतलं. फोनवर मला हे सांगता येणार नाही. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा 'हो' म्हणेन. सुचिता, बेटा, पुढचं वाचताना थांबू नकोस आणि बाबांना वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस.

मी काल खोटं बोललो. तू यावंस म्हणून बोललो, दुसरं कारण नाही. एक 'हो' म्हटलं की घरात माणूस येतो हे दिसत होतं, आणि मला ते आवरलं नाही.

तू गेलास त्या दिवाळीत आईने मला एकदाच विचारलं, "जयवंता, पळाला का रे तो?" मी म्हटलं, "जाऊ दे ना आई आता." तिने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि मी घेऊ दिला. पुढे बारा वर्षं जगली. नळावर बायका तुझा विषय काढायच्या तेव्हा अर्धी घागर घेऊन परत यायची. कोणाशी भांडली नाही. भांडायला तिच्याजवळ काही नव्हतं, ते माझ्याजवळ होतं.

शेवटच्या आठवड्यात तिने मला खाटेजवळ बसवलं आणि म्हणाली, "गुणवंताले सांगजो, म्या रागावली नाई म्हनावं. पानी पाहून भेलं असन लेकरू. म्या माफ केलं त्याले. त्याले म्हनावं, ये."

हा निरोप मी तुला दिला नाही. तेरवीला तू परसात हात धूत होतास तेव्हा माझ्या तोंडात आला होता. दिला असता तर तू विचारलं असतंस, कशाची माफी? म्हणून गिळला. एकोणतीस वर्षं झाली त्याला.

हे पत्र धनतेरशीच्या आत तुला मिळालं पाहिजे, म्हणून आताच्या बसने पांढुर्ण्याला जाऊन स्पीड पोस्ट करतो. मिळाल्यावर यायचं की नाही ते तू ठरव, मी फोन करून विचारणार नाही.

आईला माहीत नव्हतं, गुणवंता. तू पळालास असं समजूनच ती गेली. तरी तिला तू यायला हवा होतास.

जयवंता